रिकाम्या पोटी मुखेडला

त्या सकाळी लातूरच्या बसस्थानकावर आईला गाडीत बसवताना मी तिला एकच प्रश्न विचारला. "गोळी घेतलीस का?" ती म्हणाली, "घेतली." मग मी तिची पिशवी तिच्या पायाशी ठेवली, कंडक्टरला "आजीला मुखेडला उतरवा" असं सांगितलं आणि दुकान उघडायला निघून आलो. मुलगा म्हणून आपलं काम झालं असं मला मनापासून वाटत होतं. शुगरची गोळी वेळेवर गेली म्हणजे आई सांभाळली गेली, एवढीच माझी समज होती. ती गोळी रिकाम्या पोटात गेली आहे आणि मुखेड येईपर्यंत त्या पोटात पाण्याचा घोटही जाणार नाही, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला फक्त एक वाक्य जास्त बोलावं लागलं असतं.

पुढचं मला त्या गाडीतल्या लोकांनी नंतर सांगितलं. चाकूर मागे पडल्यावर आईला घाम फुटला. हात थरथरू लागले. शेजारी बसलेल्या बाईंनी आपल्या डब्यातला शिऱ्याचा घास पुढे केला, मागच्या सीटवरून कुणी लेमनची गोळी दिली. आईनं तोंड फिरवलं. जीभ जड झाली होती तरी ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "पूजा व्हायची हाय." थोड्या वेळानं तेही बंद झालं. बाईंनी साखर तोंडाशी नेली तर तिनं दात घट्ट आवळले. शेवटी ड्रायव्हरनं गाडी रस्त्यातल्या एका दवाखान्यासमोर उभी केली आणि दोघातिघांनी तिला उचलून आत नेलं. तिच्या पिशवीतला मोबाईल काढून कुणीतरी शेवटच्या नंबरावर फोन लावला. तो माझा होता.

मी पोहोचलो तेव्हा तिला सलाईन लावलेली होती आणि ती शुद्धीवर आली होती. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"सकाळी काय खाल्लं होतं यांनी?"

"खाल्लं असेल काहीतरी."

"असेल?" ते म्हणाले. तेवढा एक शब्द मला पुरला.

आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीच्या लहानशा करंड्यात इष्टलिंग असतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ती भस्म लावते, लिंग डाव्या तळहातावर घेते, पाणी, बेलाचं पान, फूल वाहते आणि डोळे मिटून बसते. ही पूजा झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. घरी त्यात काही अडचण नव्हती. पूजा पहाटेच व्हायची आणि लगेच गोळी, लगेच भाकरी. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी सांगितलेली, ते आपोआप जमून जायचं. प्रवासाच्या दिवशी मात्र तिनं अंघोळ केली, पूजा मुखेडला गेल्यावर करायची ठरवली, आणि गोळी तेवढी घेतली. औषध म्हणजे अन्न नव्हे, त्यानं नेम मोडत नाही, असा निकाल तिनं तिच्यापुरता लावून टाकला होता. शिवाय गोळीची आठवण करायला मी होतोच.

मुखेडला तिची थोरली बहीण राहते, माझी मावशी. आई तिला अक्का म्हणते. पंचमीच्या सुमारास अक्काकडे जायचं, चार दिवस राहायचं, हा आईचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्या दिवशी मी तिला दवाखान्यातून परस्पर लातूरला परत आणलं आणि घरी आल्याबरोबर जाहीर केलं, "आता प्रवास बंद." सगळ्यांनी मान डोलावली. पाहुणे भेटायला आले की मी तेच सांगायचो आणि ते म्हणायचे, मुलगा असावा तर असा. ते ऐकून मला बरं वाटायचं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

आईनं वाद घातला नाही. तिनं घातला असता तर मला सोपं गेलं असतं. मावशीचा फोन यायचा, आई पडवीत बसून बोलायची, आणि मला आतल्या खोलीत ऐकू यायचं. "कवा येतीस?" असं तिकडून विचारलं जात असणार, कारण इकडून आई म्हणायची, "लेकरू न्हाई म्हणतंय." त्यात तक्रार नसायची. बाहेर ऊन पडलंय किंवा लाईट गेली आहे, असं सांगावं तसं ती सांगायची. मावशी तिच्याहून मोठी. तिचे गुडघे गेलेले, एका डोळ्याला कमी दिसतं. तिचं लातूरला येणं तर केव्हाच थांबलं होतं. आता आईचं जाणंही थांबलं म्हणजे त्या दोघींची भेट कायमची संपली, इतका साधा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. मी तो मांडत नव्हतो.

दिवाळीनंतर एकदा बायको बाजारातून भाजी घेऊन आली. हातात आईची निळी पट्ट्याची कापडी पिशवी होती. ती आईची मुखेडची पिशवी. दुसऱ्या कशालाच ती वापरत नसे. मी बायकोला म्हणालो, "ही कशाला घेतली?" ती म्हणाली, "आत्यांनीच दिली. म्हणाल्या, मला काय करायची आता." मेथीच्या जुड्या काढून बायकोनं ती पिशवी झटकली आणि खुंटीला लावली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हिवाळ्यात आईला नेहमीच्या तपासणीला नेलं. लातूरचे हे डॉक्टर तिला बरीच वर्षं ओळखतात. त्यांनी विचारलं, "आजी, चालणं फिरणं होतं का?"

"होतंय की. चुलीपासून पडवीपर्यंत."

मी मध्ये बोललो, "डॉक्टर, मागच्या त्या प्रसंगानंतर मी प्रवास बंद करून टाकलाय."

मला वाटलं ते शाबासकी देतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "प्रवासानं शुगर उतरली नव्हती. गोळी घेऊन उपाशी राहिल्यानं उतरली. घरात बसून असं केलं तरी तेच होईल. खायचं नसेल तर ती गोळी घ्यायची नाही, गोळी घेतली तर खायचं. सोबत साखर ठेवायची. मग जाऊ द्या की त्यांना." मग ते आईकडे वळले. "आणि पाणी? प्रवासात पाणी पिता ना?"

"न्हाई."

"का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "असंच," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर औषधांसाठी थांबलो होतो. बाकावर तिच्या शेजारी बसून मी विचारलं, "पाणी का पीत न्हाईस तू गाडीत?"

"जायचं कुठं मग?"

मला आधी कळलंच नाही.

"तुमचं बरं हाय," ती म्हणाली. "गाडी थांबली की तुम्ही झाडामागं. बाईमाणसानं काय करायचं? म्हणून आदल्या सांजेपासूनच पाणी तोडते मी. तुझी बायको बी तेच करती. ईचार तिला."

मी नळ, पाईप, टाक्या आणि संडासाची भांडी विकतो. चांगली वीस-पंचवीस वर्षं विकतोय. लातूरपासून अहमदपूरपर्यंत किती घरांत माझ्या दुकानातली भांडी बसली असतील. पण माझी स्वतःची आई आणि माझी बायको गाडीत बसण्याआधी आदल्या संध्याकाळपासून तहान मारतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर दवाखान्याच्या बाकावर कळलं. औषधांसाठी माझा नंबर पुकारला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

परत येताना रिक्षात मी दुसरी गोष्ट काढली. "आई, त्या दिवशी अंघोळ तर घरीच केली होतीस. पूजा पण घरीच करून निघाली असतीस, तर खाता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

मग तिनं सांगितलं. अक्काचं लग्न झालं तेव्हा आई लहान होती. अक्का मुखेडला गेली आणि घरात हिला करमेना. पहिल्या पंचमीला अक्का माहेरी येणार म्हणून ही सकाळपासून जेवलीच नाही. म्हणे, अक्का आल्याबिगर मी पूजाही करणार न्हाई आणि जेवणारही न्हाई. उन्हं कलल्यावर अक्का आली, तर तीही उपाशी. तिनंही तेच ठरवलेलं, न सांगता. मग दोघी समोरासमोर बसल्या, दोघींनी आपापलं लिंग हातावर घेऊन पूजा केली आणि एका ताटात जेवल्या. तेव्हापासून ज्या दिवशी भेटायचं त्या दिवशी भेटल्यावरच पूजा आणि भेटल्यावरच घास, हे ठरून गेलं. पुढे आईचंही लग्न झालं, दोघींना लेकरं झाली, नवरे गेले, पण हे काही सुटलं नाही. आणि कुणाला कधी सांगितलंही नाही, कारण कुणी कधी विचारलं नाही.

मी इतके महिने मनात धरून बसलो होतो की आईच्या सोवळ्या-नेमापायी हे झालं. दोघाचौघांजवळ तसं बोललोही होतो. ती भूक तिनं बहिणीसाठी राखून ठेवलेली होती, आणि मी तिच्या देवाला दोष देत बसलो होतो.

घरी आलो आणि एकदम मनात आलं की दुसऱ्या बाजूचं काय. मी मुखेडला मावसभावाच्या घरी फोन लावला. वहिनींनी घेतला.

"वहिनी, पंचमीच्या वेळी आई येणार होती त्या दिवशी मावशी जेवल्या होत्या का?"

"भावजी, आता ईचारलंत म्हणून सांगते. दवाखान्यातून तुमचा फोन आला तसे हे तिकडं निघाले. आमच्या आत्यांना सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं न्हाई. वर त्यांना धक्का बसंल म्हणून नंतर बी कोणी बोललं न्हाई. त्या उंबऱ्यात बसून होत्या. सांजेपर्यंत पाणी घेतलं न्हाई. ब्लडप्रेशरची गोळी बी तशीच राहिली. मग मीच सांगितलं की लातूरच्या मावशी येत न्हाईत आज, तवा उठल्या."

म्हणजे त्या एका दिवशी दोन म्हाताऱ्या बायका शंभरेक किलोमीटरच्या रस्त्याच्या दोन टोकांना उपाशी बसल्या होत्या, एकमेकींसाठी. आणि मी पुढचे सगळे महिने त्यातल्या एकीला घरात ठेवून आपल्या हातून एक चांगलं काम होतंय असं समजत होतो.

त्याच संध्याकाळी मी आईला म्हणालो, "मुखेडला जाऊ. मी सोबत येतो. पण उपाशी न्हाई." ती म्हणाली, "मला काय सांगतोस. अक्काला सांग." मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोण बोलून राहिलंय?" मावशीचा आवाज अजून खणखणीत आहे. "तू का तुझा लेक?"

"दोघं बी हाव," आई म्हणाली.

मी घसा साफ करून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, गोळीचं सांगितलं, तिच्या स्वतःच्या गोळीचंही सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता आम्ही बहिणींनी कवा जेवायचं ते डॉक्टर ठरवणार."

"डॉक्टर न्हाई मावशी, मी म्हणून राहिलो."

"तू तर बोलूच नको. पंचमीपासून कोंडून ठेवलास तिला."

बायको दारात उभी होती, ती मागे सरली. मी म्हणालो, "खरं हाय मावशी. चुकलं माझं." हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा मला हलकं वाटलं, पण मावशीनं त्याची काही दखल घेतली नाही. तिला माझ्या चुकण्यात रस नव्हता. तिला बहीण यायला हवी होती.

"अक्का, भांडू नको," आई म्हणाली. "ऐक. सकाळी आपण फोन लावू. तू तिथं बस, मी हितं बसते. संगंच करू पूजा."

"फोनवर? देव तुझ्या हातात, मी मुखेडात."

"तुझ्या हातात बी हाय की देव. दुसरा हाय का?"

तिकडून भांडी वाजल्याचा आवाज आला. "आन् जेवण?"

"जेवून घ्यायचं. मी आले की परत जेवायचं. एका ताटात."

"दोनदा?"

"दोनदा."

"मला माझ्या लग्नात सुदिक कोणी दोनदा वाढलं न्हाई," मावशी म्हणाली. "ये मग."

मी गाडी भाड्यानं करू म्हणत होतो. आईनं ऐकलं नाही. बंद काचेच्या गाडीत तिला मळमळतं. तिला एसटीची खिडकी लागते आणि तोंडावर वारा लागतो. मग एसटीनंच जायचं ठरलं, पण सरळ मुखेडची गाडी न धरता वाटेत शिरूर ताजबंदला उतरायचं, थोडं थांबायचं आणि पुढची गाडी पकडायची. कारण उघड होतं. शिरूरला माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, तो माझ्याकडून माल नेऊन तिकडे विकतो. स्टँडपासून त्याचं घर जवळ. त्याला फोन करायला मी दोन दिवस लावले. इतक्या वर्षांत मालाशिवाय दुसरं काही मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

"तुमच्याकडं एक काम होतं," मी म्हणालो.

"बोला ना शेठ."

"आई येतेय सोबत. तिला तुमच्या घरी... वाटेत जरा..." माझ्या तोंडातून शब्द निघेना. दिवसभर दुकानात हेच बोलणारा माणूस मी. "बाथरूमला जायचं असतं तिला."

तो हसला. "एवढंच? मला वाटलं पाईप परत मागवताव की काय. आणा आईला, चहा बी होईल."

निघायच्या दिवशी पहाटे पडवीत व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीला टेकवून ठेवला. पलीकडे वहिनींनी त्यांचा फोन धरला होता, त्यात मावशीचं अर्धं कपाळ आणि बरंचसं छत दिसत होतं. आईनं करंडा उघडून लिंग तळहातावर घेतलं. पडद्यावर मावशीचा सुरकुतलेला तळहात वर आला. दोघींचं बोलणं थांबलं. इकडे आमची घंटी वाजली आणि जरा मागाहून फोनमधून त्यांची. मी हात जोडून उभा होतो, पण खरं सांगायचं तर माझं ध्यान देवाकडे नव्हतं. मी त्या दोन हातांकडे बघत होतो. जिथं आपण बसू तिथं पूजा व्हावी, म्हणून तर आमचा देव तळहातावर मावेल एवढा केलेला. कुठंही जा, तो गळ्यात येतो. लहानपणापासून हे ऐकत आलो होतो, पण त्या पहाटे ते पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर होतं.

बायकोनं ताट वाढलं. आधी गोळी, मग ज्वारीची भाकरी, वरण, शेंगाची चटणी. फोनमधून मावशीचा आवाज आला, "हिची भाकरी दाखव. खाती का न्हाई?" आईनं घास फोनसमोर धरला. "बघ. आता तू दाखव."

गाडीत आईला खिडकी मिळाली. पिशवी तीच, निळ्या पट्ट्याची, बायकोनं धुऊन दिलेली. आधार कार्ड दाखवून तिचं तिकीट झालं. माझ्या खिशात साखरेच्या पुड्या होत्या, पायाशी पाण्याची बाटली. दर थोड्या वेळानं मी बाटली पुढे करायचो आणि ती ओठ ओले करून परत द्यायची.

"पी नीट."

"पाजून राहिलास खरं," ती हळूच म्हणाली. "पण शिरूर लांब हाय अजून."

वाटेत एका स्थानकावर गाडी थांबली. मी उतरून बायकांच्या शौचालयाकडे गेलो. कुलूप होतं. किल्ली कुणाकडे म्हणून विचारायला मी कँटीनच्या गल्ल्यापाशी गेलो आणि तिथं नुसता उभा राहिलो. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काय पायजे काका? चहा?" मी चहा घेतला. मला चहा नको होता. मग तो कप तसाच ठेवून, जरा मोठ्यानंच म्हणालो, "आईला जायचंय, किल्ली कुठं मिळंल?" चार लोकांनी वळून पाहिलं. कुणी हसलं नाही. एका बाईंनी उलट विचारलं, "मिळाली का? मला बी सांगा." किल्लीवाला सापडेपर्यंत आमची गाडी सुटायची वेळ झाली. मी हात हलवत परत आलो. आई म्हणाली, "काही बिघडलं न्हाई. ईचारलंस ना."

शिरूरला त्या गिऱ्हाइकाची बायको दारातच उभी होती. तिनं आईचा हात धरून आत नेलं. आम्ही दोघं पुरुष बाहेर खुर्च्यांवर बसून हवामानाबद्दल बोलत राहिलो. आई बाहेर आली, पदरानं हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या दुकानातली टाकी हाय व्हय ती? पाणी थांबतच न्हाई तिचं."

गिऱ्हाइकाची बायको लगेच म्हणाली, "बघा. आमचे हे कवापासून तुमच्या लेकाला सांगून राहिले, आजी."

"सांगितलं नव्हतं," तो कसनुसा म्हणाला. "सांगणार होतो." पुढच्या आठवड्यात मी त्याच्याकडे नवा वॉशर पाठवला.

मग चहा झाला, बिनसाखरेचा, सोबत दोन बिस्किटं. आणि निघताना आईनं पितळी तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला. प्रवासात तिला असं पाणी पिताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं असतं.

पुढच्या गाडीत जांब ओलांडलं तेव्हा तिचा डोळा लागला होता. मान खिडकीकडे कलली होती. मला तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले. मी तिला गदागदा हलवलं. "आई. आई, बोल माझ्याशी. कुठं चाललोय आपण?"

तिनं डोळे उघडले. "मुखेडला. आन् कुठं."

"घाम आलाय तुला. साखर खा."

"ऊन हाय रे तोंडावर. झोपू दे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मला काय झालं न्हाई. तुझंच तोंड सुकलंय. तूच खा ती साखर."

मी खरंच एक पुडी फोडून तोंडात टाकली. ती पदरात हसली आणि परत डोळे मिटले. मग मी तिला उठवलं नाही. खिडकीच्या दांड्याला रुमाल अडकवून तिच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसलो. त्यापेक्षा जास्त मला काही करायचं नव्हतं, आणि ते करता येत होतं.

मावशी ओट्यावर काठी धरून बसली होती. आई रिक्षातून उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही.

"जाड झालीस," मावशी म्हणाली.

"दोनदा जेवायचं ठरलंय ना," आई म्हणाली.

एका ताटात वहिनींनी थोडंथोडंच वाढलं. मी दारात बसून पाहत होतो. मावशी भाकरीचा तुकडा मोडून आईच्या बाजूला सारायची आणि आई परत तिच्या बाजूला. "पोट भरून भेटलं की रडायला येत न्हाई बघ," मावशी म्हणाली. "नुसतं बोलावं वाटतंय." आणि त्या बोलत राहिल्या. कोण गेलं, कुणाच्या सुनेला मुलगी झाली, गावातल्या मठाच्या नव्या दरवाजाचा रंग कसा वाईट आहे. मला वाटलं होतं की ही भेट मला बघवणार नाही. पण ती अगदी सोपी होती. इतके महिने एवढी सोपी गोष्ट अडून राहिली होती.

दुपारी उठल्यावर मावशीनं मला हाक मारली. "हिकडं ये. शिवरात्रीला लातूरला जत्रा असती ना सिद्धेश्वराची?"

"असते मावशी."

"बघितली होती मी एकदा. मामंजी होते तवा. तुझ्या आईच्या घरी तर मी कवा आले ते आठवत बी न्हाई."

मावसभाऊ तिथंच वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं वर बघितलं. "आई, कुठं जाणार तू? पायरी चढता येत न्हाई."

मी तोंड उघडलं. "नाही" हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. गुडघे, डोळा, ब्लडप्रेशर, गर्दी, शिवरात्रीचा उपास, सगळं एका क्षणात डोक्यात आलं. भीती तीच होती, जराही कमी झालेली नव्हती. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती पदराची दशी ओढत बसली होती आणि तेवढ्यावरून मला कळलं की ती ऐकते आहे.

"गाडीची पहिली पायरी उंच असते मावशी," मी म्हणालो. "तेवढी जमली तर बाकी आपण बघू. शिरूरला थांबायची सोय हाय. उपास मात्र नीट खाऊन करायचा. गोळीचं तुमच्या डॉक्टरांना आधी ईचारू."

"तवर पायरी तर बघू," मावशी म्हणाली आणि काठी टेकून उभी राहिली.

मावसभावानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. आम्ही तिला अंगणात नेलं आणि ओट्यासमोर उभं केलं. तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, उजव्या हातानं खांब धरला, पाय वर टाकला आणि दम रोखून चढली. वर उभी राहून तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

"ओटा बुटका हाय," आई खालून म्हणाली. "गाडीची पायरी याच्यापेक्षा उंच असती."

"मग पाट आण की एक," मावशी म्हणाली. "उंच कर."

वहिनी आतून पाट घेऊन आल्या. मी तो ओट्यावर नीट बसवला, हलत नाही ना ते दाबून पाहिलं. मावशी हळूहळू खाली उतरली आणि पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला.